पुढे ढकलणे आणि पुढे होऊ देणे : एका क्रियापदाचा मंडळीच्या इतिहासातील प्रवास

काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या पंचांच्या सभेचे इंग्रजी इतिवृत्त मराठीत उतरवून देण्याचे काम आमच्याकडे आले. मूळ मसुद्याबरोबर कोणी उत्साही बंधूने केलेले एक कच्चे भाषांतरही होते. त्यात एक ठराव असा होता की, ‘पाळकसाहेबांचे मत सभेने लांबणीवर टाकले.’ पाळकसाहेब अर्थातच नाराज होते. वस्तुतः सभेने त्यांच्या मताला मान देऊन आपला आग्रह सोडला होता. घोटाळा ‘डिफर’ या एका इंग्रजी क्रियापदाचा होता. त्याचे ‘पुढे ढकलणे’ आणि ‘दुसऱ्याच्या मताला मान देऊन आपण मागे सरणे’ असे दोन अर्थ होतात, आणि कोणता घ्यावयाचा हे पुढच्या एका लहानशा शब्दयोगी अव्ययावरून ओळखावे लागते. ते अव्यय आमच्या बंधूच्या नजरेतून निसटले.

या चुकीचा आम्हांस एक लाभ झाला. शब्दाच्या मुळाचा शोध घेता घेता आम्ही प्राचीन मंडळीच्या अशा काही प्रसंगांपर्यंत जाऊन पोहोचलो की जेथे ‘थांबविणे’ आणि ‘नमणे’ या दोन क्रियांवर माणसांचे प्राण व तारण अवलंबून होते. पाळक व उपदेशक बंधूंना त्याचा उपयोग होईल अशा आशेने तो वृत्तान्त येथे मांडीत आहोत.

लॅटिन भाषेत ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागला की ‘दिफ्फेर्रे’, म्हणजे दूर नेणे, निरनिराळ्या दिशांना नेणे, आणि त्यावरून पुढे ढकलणे. ‘दे’ हा उपसर्ग लागला की ‘देफेर्रे’, म्हणजे खाली आणणे, एखाद्यापुढे आणून ठेवणे, आणि त्यावरून एखाद्याकडे प्रकरण नेणे, त्याच्यावर सोपविणे. फ्रेंचमध्ये ही दोन्ही क्रियापदे आपापले रूप राखून राहिली. इंग्रजीत ती मध्ययुगात उतरली तेव्हा मात्र दोन भिन्न ओघ एका पात्रात मिसळले. गंमत अशी की, ‘भिन्न असणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापदही मूळचे तेच ‘दिफ्फेर्रे’ होय. म्हणजे मतभेद आणि दिरंगाई ही एकाच आईची लेकरे आहेत. पंचांच्या सभांचा अनुभव असलेल्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

गोव्यातील आमच्या वाचकांना या संदर्भात एक गोष्ट आठवत असेल. पोर्तुगीजांनी ही दोन क्रियापदे वेगळी ठेविली आहेत, आणि १९६१ पर्यंत तेथील सरकारी कचेऱ्यांची भाषा तीच होती. अर्जावर ‘देफेरिदु’ असा शेरा आला की अर्ज मंजूर झाला, अर्जदाराच्या म्हणण्याला मान मिळाला. तोच अर्ज सीमेपलीकडे बेळगावच्या इंग्रजी कचेरीत गेला असता आणि त्यावर त्याच शब्दाचा इंग्रजी भाऊ लिहिला गेला असता, तर अर्जदाराला पुन्हा पुढच्या महिन्यात खेपा घालाव्या लागल्या असत्या.

आता मंडळीच्या इतिहासाकडे वळू. ही दोन्ही लॅटिन क्रियापदे एकाच पत्रात, आणि तेही ख्रिस्ती लोकांविषयीच्या पत्रात, आलेली आहेत. बिथुनिया व पंत या प्रांतांचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राट ट्राजानला लिहिलेले ते पत्र होय. ख्रिस्ती उपासनेचे वर्णन करणारे, ख्रिस्तेतर माणसाच्या हातचे हे फार जुने लिखाण असल्यामुळे आपल्या पाठशाळांतून ते शिकविले जाते. परंतु त्यातील क्रियापदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्यापुढे ज्यांना ख्रिस्ती म्हणून आणण्यात आले त्यांच्याविषयी बोलताना प्लिनी ‘देफेर्रे’ योजतो. रोमी न्यायपद्धतीत सरकारी फिर्यादी नव्हता. कोणी तरी खाजगी माणसाने नाव घेऊन आरोप अधिकाऱ्यापुढे ठेवावा लागे. याच क्रियापदापासून ‘देलातोर’, म्हणजे चहाडखोर, हा शब्द झाला, आणि रोमी साम्राज्यात त्या शब्दाने लोकांचा थरकाप होई.

प्लिनीने आरंभी फारसा विचार केला नाही. तो आरोपींना तीनदा विचारी, आणि जे आपल्या कबुलीवर ठाम राहत त्यांना देहान्ताकडे पाठवी. जे रोमी नागरिक होते त्यांना रोमला पाठविण्याची त्याने नोंद केली. मग नावांची एक निनावी यादी आली, आरोप वाढत गेले. जे मुकरले त्यांच्याकडून कळले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. खात्री करून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. त्यांच्याकडूनही गुन्हा असा काही निघाला नाही. तेव्हा, तो लिहितो, मी चौकशी थांबवून आपला सल्ला घेण्यासाठी धाव घेतली. या ठिकाणी त्याने ‘दिफ्फेर्रे’चे रूप वापरले आहे. दोघी स्त्रियांच्या यातनांनंतरची ती तहकुबी होती. त्या दोघींची नावे प्लिनीने लिहिली नाहीत, आणि त्यांचे पुढे काय झाले तेही त्याच्या पत्रात नाही.

ट्राजानचे उत्तर थोडक्यात होते. ख्रिस्ती लोकांचा शोध घेऊ नये. परंतु कोणी त्यांना पुढे आणले (पुन्हा ‘देफेर्रे’) आणि आरोप शाबीत झाला तर शिक्षा करावी. निनावी चिठ्ठ्या मात्र मुळीच घेऊ नयेत. यातील विसंगतीवर तर्तुलियनाने १९७ च्या सुमारास आपल्या समर्थनग्रंथात कडाडून टीका केली. निर्दोष म्हणून शोधू नका म्हणता, आणि दोषी म्हणून दंड करा म्हणता, हा कसला न्याय, असा त्याचा प्रश्न होता. तरीही त्या अर्धवट उत्तराच्या आडोशाला पुष्कळ मंडळ्या पुढे कित्येक वर्षे तग धरून राहिल्या, हे आम्ही मान्य केले पाहिजे.

प्लिनीची तहकुबी वाचताना आपणांस साहजिकच फेलिक्सची आठवण होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात त्याने पौलाचा खटला पुढे ढकलला. तेथील ग्रीक क्रियापद ‘अनाबाल्लो’ होय. ‘अना’ म्हणजे वर किंवा मागे, ‘बाल्लो’ म्हणजे टाकणे. आपण ‘लांबणीवर टाकणे’ म्हणतो त्याच्या ते किती जवळ आहे ते पाहावे. नव्या करारात या अर्थाने हे क्रियापद एवढ्या एकाच ठिकाणी आले आहे. लॅटिन शास्त्रात त्या जागी ‘दिफ्फेर्रे’ आहे. फेलिक्सला त्या मार्गाची चांगली माहिती होती असे लूक मुद्दाम सांगतो. म्हणजे अज्ञानामुळे ही तहकुबी झाली नाही. पुढे नीतिमत्त्व, संयमन व येणारा न्याय यांविषयी पौल बोलू लागला तेव्हा तो भ्यालाही. पण सोयीची वेळ मिळाल्यावर बोलावीन म्हणाला. लाच मिळेल अशी आशा होतीच. दोन वर्षे गेली. त्याच्या मागून आलेला फेस्त अग्रिप्पापुढे अभिमानाने सांगतो की मी काही विलंब लावला नाही. तेथे लूकाने त्याच क्रियापदापासून झालेले नाम योजले आहे. लूकाने हे दोन अधिकारी असे एका शब्दाने समोरासमोर उभे केले आहेत, आणि भाषांतरात बहुधा ही जुळणी नाहीशी होते. प्रवचन करणाऱ्याने ती आवर्जून दाखवावी.

जुन्या करारातील इब्री भाषा या बाबतीत अधिक चित्रमय आहे. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात लांबलेल्या आशेने मन आजारी होते असे जे सांगितले आहे, तेथे इब्री शब्दाचा मूळ अर्थ ‘ओढणे, ताणणे’ असा आहे. रबरासारखी ताणलेली आशा! आणि देव आपला कोप आवरून धरतो असे यशयाच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात आहे तेथे शब्दशः ‘मी माझे नाक लांब करीन’ असे आहे, कारण इब्रीत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. आमच्या शास्त्रातील ‘मंदक्रोध’ हा सुंदर शब्द त्या लांब नाकाचाच मराठी अवतार होय.

मात्र ‘पुढे ढकलणे’ या क्रियापदाला मंडळीत खरे वजन आले ते चौथ्या शतकात, आणि तेही बाप्तिस्म्याच्या संदर्भात. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या अभ्यासक्रमांत कॉन्स्टंटाईनाच्या अखेरच्या आजारातील बाप्तिस्म्याची गोष्ट एक चमत्कारिक अपवाद म्हणून सांगितली जाते. ती अपवाद नव्हती. तर्तुलियनाने सुमारे २०० च्या आसपासच, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, बाप्तिस्म्याला थोडा उशीर केलेला बरा असे मत दिले होते. पुढे छळ संपला, सम्राट मंडळीचा कैवारी झाला, आणि लोक लोंढ्याने येऊ लागले. ते नाव नोंदवीत, क्रूसाची खूण घेत, उपदेश ऐकत, स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत, परंतु पाण्यात उतरत नसत. वर्षानुवर्षे, कित्येक जण आयुष्यभर, ते शिकाऊच राहत.

याचे कारण नुसता आळस नव्हे. त्या काळी बाप्तिस्म्यानंतर घोर पाप घडल्यास उघड प्रायश्चित्ताची शिस्त होती, आणि ती आयुष्यात एकदाच मिळे. तीही कठोर, लोकांसमक्ष आणि दीर्घकाळ चालणारी. मग ज्याला न्यायाधीश म्हणून देहान्त शिक्षा द्यावयाच्या आहेत, सैन्यात लढावयाचे आहे, तरुणपण काढावयाचे आहे, त्याने सर्व धुऊन टाकणारे स्नान आधीच का खर्ची घालावे, असा हिशेब लोक करीत. मंडळीला हा हिशेब आवडत नसे. निओकैसरियाच्या सभेने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात असा नियम केला की आजारात बाप्तिस्मा घेतलेल्याला सहसा वडीलपदाची दीक्षा देऊ नये, कारण त्याचा विश्वास राजीखुशीचा नसून गरजेपोटी आलेला असतो.

कॉन्स्टंटाईनाने ३३७ मध्ये निकोमेदियाजवळ, त्या नगराचा बिशप युसेबियस याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, जांभळी राजवस्त्रे पुन्हा अंगावर घेतली नाहीत, आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी तो मरण पावला. यार्देनेत बाप्तिस्मा घ्यावा अशी आपली इच्छा होती असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. मिलानचा अँब्रोज ३७४ मध्ये बिशप म्हणून निवडला गेला तेव्हा तो प्रांताधिकारी होता व त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आठवड्याभरात बाप्तिस्मा व दीक्षा दोन्ही उरकावी लागली. नाझियान्झसचा ग्रेगरी तर बिशपाचा मुलगा. अथेन्सला शिकावयास जाताना समुद्रात वादळ झाले तेव्हा जहाज बुडण्याच्या भीतीपेक्षा बाप्तिस्म्यावाचून मरण्याची भीती त्याला अधिक वाटली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. हाच ग्रेगरी ३८१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये विलंब करणाऱ्यांच्या एकेका सबबीला उत्तर देणारे मोठे प्रवचन करतो. आणि त्याच प्रवचनात, धोका नसेल तर मुलांच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत थांबावे, असेही सुचवतो. दिरंगाईच्या विरुद्ध बोलणाऱ्याच्याही पदरी थोडीशी दिरंगाई असतेच!

त्याच पिढीतील निस्साच्या ग्रेगरीने याच विषयावर प्रवचन केले, आणि त्याच्या लॅटिन शीर्षकात आपले ‘दिफ्फेर्रे’ हे क्रियापद आहे. त्यात सिथियन टोळ्यांच्या धाडीत घायाळ झालेल्या एका तरुणाची हकिगत येते. बाप्तिस्मा द्यावयास जवळ कोणी नाही, प्राण जात आहे, आणि तो डोंगरांना, झाडांना, झऱ्यांना हाका मारून मला बाप्तिस्मा द्या म्हणतो. आमच्या मते या संपूर्ण वादात याहून हृदयाला भिडणारे वर्णन दुसरे नाही.

ऑगस्टिनाची कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून तिच्यातील एकच बाजू सांगतो. लहानपणी तो पोटाच्या दुखण्याने मरणोन्मुख झाला असता मोनिकेने बाप्तिस्म्याची तयारी चालविली. मुलगा अकस्मात बरा झाला, आणि तयारी पुढे ढकलली गेली. तेथेही ‘दिफ्फेर्रे’. पुढे ‘कबुलीजबाब’ लिहिताना त्याने लोकांच्या एका बोलण्यावर बोट ठेवले आहे. लोक म्हणत, करू दे त्याला हवे ते, अजून बाप्तिस्मा कुठे झाला आहे? पण शरीराच्या बाबतीत, अजून तो बरा झाला नाही, तेव्हा आणखी जखमा होऊ द्या, असे कोणी म्हणतो काय, असे तो विचारतो. त्याचा बाप्तिस्मा ३८७ च्या पुनरुत्थानदिनाच्या आदल्या रात्री झाला. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते. बिशप झाल्यावर तो विलंब करणाऱ्यांना कावळ्याची उपमा देई, कारण लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या, आणि कावळाही क्रास क्रास असेच ओरडतो.

आपणांस मात्र सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण धाकट्या व्हॅलेन्टिनियनाचे आहे. पश्चिमेचा हा तरुण सम्राट ३९२ मध्ये व्हिएन्न येथे एकविसाव्या वर्षी मेला. त्याचे प्रेत गळफास लागलेल्या स्थितीत सापडले. त्याने बाप्तिस्म्यासाठी अँब्रोजला बोलावणे पाठविले होते, पण अँब्रोज येऊन पोहोचण्यापूर्वीच सारे संपले. त्याच्या बहिणी शोक करीत होत्या. अंत्यप्रवचनात अँब्रोज त्यांना म्हणाला की इच्छा करणे आणि मागणे याखेरीज आपल्या हाती दुसरे काय आहे? ज्याने मागितले त्याला मिळाले. हुतात्मे आपल्या रक्ताने धुतले जातात, तर याला त्याच्या भक्तीने आणि इच्छेने धुतले. ज्या बिशपाने इतरांना विलंबाबद्दल खडसावले, तोच विलंबाने ग्रासलेल्या घरी असे बोलतो. ज्या घरात बाप्तिस्म्याआधी मृत्यू झाला आहे तेथे सांत्वनास जाणाऱ्या उपदेशकाने हे प्रवचन अवश्य अभ्यासावे.

येथे दुसरे क्रियापद, नमण्याचे, पुढे येते, आणि ते पहिल्याशी कसे गुंतले आहे ते थिओडोसियसाच्या चरित्रात दिसते. हा सम्राट ३८० मध्ये थेस्सलनीका येथे आजारी पडला, मृत्यूच्या भयाने बाप्तिस्मा घेतला, आणि बरा झाला. कॉन्स्टंटाईनाला जे कधी घडले नाही ते याला घडले : राज्य करणारा सम्राट मंडळीचा पूर्ण सभासद, म्हणून तिच्या शिस्तीखाली आला. दहा वर्षांनी, ३९० मध्ये, त्याच थेस्सलनीकेत लोकांनी त्याच्या सेनाधिकाऱ्याला ठार केले, आणि संतापाच्या भरात सम्राटाने कत्तलीचा हुकूम दिला. हुकूम मागे घेणारा निरोप पोहोचेपर्यंत उशीर झाला होता असे सांगतात. अँब्रोजने स्वहस्ते खाजगी पत्र लिहून कळविले की पश्चात्ताप केल्यावाचून मी तुझ्यासमक्ष प्रभुभोजन अर्पिणार नाही. सम्राटाने नमते घेतले, राजचिन्हे उतरवून मंडळीत उघड प्रायश्चित्त केले, आणि नाताळाच्या सुमारास त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. बाप्तिस्मा त्याने लांबविला असता, तर अँब्रोजला हा अधिकार चालविता आला असता काय, हा प्रश्न आम्हांस पडतो. आमचे उत्तर नकारार्थी आहे.

जुने इतिहासकार याला आणखी एक गोष्ट जोडतात. अँब्रोजच्या सांगण्यावरून सम्राटाने कायदा केला की देहान्ताच्या कठोर शिक्षेची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी. असा कायदा थिओडोसियसाच्या संहितेत खरोखर आहे. मात्र त्यावरील तारीख ३८२ ची असल्यामुळे ती चुकली की गोष्ट मागाहून जोडली गेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तारीख कोणतीही असो, कायद्याचा आशय स्पष्ट आहे : रागाने दिलेला निर्णय महिनाभर निजू द्यावा.

अर्थात प्रत्येक नमणे स्तुत्य नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, खोट्या बंधूंपुढे आपण घटकाभरही नमलो नाही, असे पौल सांगतो. तेथील ‘एइको’ हे क्रियापद नव्या करारात पुन्हा येत नाही. काही पाश्चात्त्य हस्तलिखितांत नकार गळला आहे, आणि तर्तुलियनाने तोच पाठ धरून पौल तात्पुरता नमला असे प्रतिपादिले. बहुसंख्य व उत्तम साक्षी नकाराच्या बाजूच्या आहेत. याच क्रियापदाला उपसर्ग लागून झालेला शब्द इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात, मंडळीच्या पुढाऱ्यांपुढे नमावे या अर्थाने, तोही एकदाच, आला आहे. एकाच धातूची ही दोन रूपे शेजारी ठेवून वाचल्यावाचून पाळकांच्या अधिकाराविषयी कोणी उपदेश करू नये, असे आम्हांस वाटते.

आपल्या मराठी मंडळीचा आरंभीचा इतिहासही या दोन क्रियापदांवर तोललेला आहे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसविले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि सनातनी मंडळींनी त्यांना कडवा विरोध केला. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी घर आणि आप्तजन यांच्या ओढीत वर्षे घालविल्यावर १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ती सारी घालमेल त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आहे. या मंडळींच्या थांबण्याला चौथ्या शतकातील हिशेबाचे माप लावता येणार नाही. तेथे लोक पापाची सोय पाहत थांबले, येथे आईबापांच्या अश्रूंपुढे पाऊल अडले.

आता शब्दयोजनेविषयी थोडेसे. खटला किंवा सभा ‘तहकूब’ होते. कार्यक्रम ‘पुढे ढकलला’ जातो. कर्तव्यात ‘चालढकल’ वा ‘दिरंगाई’ होते, आणि या दोन शब्दांत दोषारोप असतो, पहिल्या दोहोंत नसतो. दुसऱ्या अर्थी, वडिलांच्या मताला ‘मान देणे’ निराळे, भांडणात ‘नमते घेणे’ निराळे, आणि देवाच्या ‘अधीन होणे’ त्याहून निराळे. मराठीत ‘पुढे’ हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो : कामाला आपण पुढे ढकलतो, आणि माणसाला पुढे होऊ देतो. इतिवृत्त लिहिणाऱ्याने यांतील नेमका शब्द उचलावा.

ज्या ठरावापासून हा लेख सुरू झाला त्याचे शुद्ध भाषांतर आम्ही पाठवून दिले : ‘पाळकसाहेबांच्या मताला मान देऊन सभेने आपली सूचना मागे घेतली.’ वहीतील नोंद दुरुस्त करण्याचा विषय पंचांच्या पुढील सभेत निघाला, आणि वेळेअभावी तो त्यापुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला, असे आम्हांस मागाहून कळले.